बेलाखालचा माका

नीलाचे केस गेले ते मुदतीच्या तापात. ताप एकवीस दिवसांनी उतरला आणि जाताना केस घेऊन गेला. सकाळी उशीवर केस, दुपारी पाटावर केस, संध्याकाळी आमटीत केस. पंधरवड्यात माझ्या बहिणीचं डोकं पेरणीनंतर पाऊस न झालेल्या रानासारखं दिसायला लागलं. कुठं कुठं उगवलेलं, बाकी ढेकळं.

केस गेल्यानं माणूस मरत नाही, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, सोयरीक मरते.

ते खरं होतं. दसऱ्यानंतर तिचं कुंकू लागलं होतं. नळदुर्गाकडचं घर, मुलगा ईरण्णा शाळेत मास्तर. त्याची आई पार्वतम्मा मुलगी बघायला आली तेव्हा तिनं ना भाकरी थापायला लावली, ना नाव लिहायला. नीलाची वेणी धरली, स्वतःच्या मनगटाला गुंडाळली, तीन वेढे बसले, आणि ठरलं म्हणून सांगितलं. त्यांच्या घरात एक रीत होती. लग्नाच्या पंधरा दिवस आधी सासूनं नवरीच्या घरी यायचं, तिला पुढ्यात बसवून वेणी सोडायची, तेल घालून विंचरायचं आणि आपल्या हातानं वेणी घालून गजरा माळायचा. त्याशिवाय हळद लागायची नाही. म्हणजे गंगावनाचा उपाय बाद. वेणी सोडली की गंगावन पार्वतम्माच्या हातात आणि नीला आमच्या.

ताप उतरला माघात. पार्वतम्मा वैशाखात येणार होती.

आमचं वाशीला किराणा दुकान. मी विरुपाक्ष, थोरला. उस्मानाबादला जाऊन मॅट्रिकला बसलो आणि सगळ्या विषयांत गेलो, फक्त शास्त्र सुटलं. त्यामुळं घरात शास्त्राचं काही निघालं की माझ्याकडं यायचं. शिवाय शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा सगळं दुकानात पोत्यांनी पडलेलं. माझ्याइतका तयारीचा माणूस तालुक्यात नव्हता.

पहिल्यांदा कांद्याचा रस झाला. त्यानं केस आले नाहीत, माश्या आल्या. मग मेथी वाटून थापली आणि वर ओलं फडकं बांधलं. लेप धुताना काही दाणे अख्खेच राहिले असावेत, कारण तिसऱ्या दिवशी मेथीला मोड आले. उगवायचं म्हणजे काय हे निदान मेथीला तरी समजलं होतं. मग शेजारच्या ताहेराबी खालांनी अंड्याचं सुचवलं. आम्ही लिंगायत, त्यामुळं हा प्रयोग खालांच्या परसात, त्यांच्याच वाटीत झाला. मी भिंतीपलीकडं पाठ करून उभा होतो. अंडं चोळून झाल्यावर नीलानं ताप येऊन गेलेलं डोकं म्हणून चांगलं कढत पाणी घेतलं. आमच्या सात पिढ्यांत अंड्याला कुणी हात लावला नव्हता. ते कढत पाण्यात शिजतं हे आम्हाला कोण सांगणार. खाला दोन तास तिच्या डोक्यावरून अंडं वेचत होत्या आणि मधूनमधून अल्लाची माफी मागत होत्या, कुणासाठी ते कळलं नाही.

त्या दिवशी नीला हसली. तिनं हसून झाल्यावर डोक्यावर पदर घेतला आणि मग पुन्हा हसली नाही.

खालांनी मग शेवटचं सांगितलं. ताजा माका, मुळासकट, काळ्या तिळाच्या तेलात, लोखंडी कढईत, सात दिवस उन्हात. पण ताजाच पाहिजे. आणि दिवस चैत्राचे. माक्याला पाण्याची ओल लागते, आणि वाशीच्या शिवारात तेव्हा माणसाच्या डोळ्याशिवाय कुठं ओल नव्हती. ओढे कोरडे, पाट कोरडे. मी दोन दिवस हिंडलो आणि शेवटी एका ठिकाणी मला माका हिरवागार मिळाला.

तो अव्वाच्या डोक्यावर होता.

हे नीट सांगायला पाहिजे. आमच्यात माणसाला आडवं पुरत नाहीत, बसवून पुरतात. आमची अव्वा, म्हणजे आई, शरणम्मा चार वर्षांपूर्वी गेली, तिलाही तसंच बसवलं. तिच्या जागेवर अप्पांनी बेलाचं रोप लावलं आणि दर सोमवारी खांद्यावरून घागर नेऊन त्याला घालायला लागले. चार वर्षांत एक सोमवार चुकला नाही. बेल वाढला का तर बेताचाच. पण ओलीनं बुडाशी माका माजला होता. आता बसलेलं माणूस आणि वरची माती याचा हिशेब केला, तर तो माका नेमका अव्वाच्या भांगावर पडत होता.

अव्वाचे केस गुडघ्याला टेकायचे. सरळ, दाट, आणि डाव्या कानावर एक पांढरी बट, ती म्हणे लग्नातसुद्धा होती. नीलाचे केस कुरळे, ते अप्पांवर गेलेले.

मी हात जोडले, अव्वा, निलीसाठी पाहिजे, म्हणालो आणि माका उपटायला लागलो. सगळी झुडपं मुकाट निघाली. शेवटच्याचं मूळ निघेना. ओढलं तर वीतभर आलं, आणखी ओढलं तर आणखी वीतभर, काळं आणि बारीक. मी ओढत राहिलो आणि ते येत राहिलं. मोकळं टोक कुठं पडू नये म्हणून मी ते तर्जनीला गुंडाळत होतो. अव्वा विंचरून झालं की गळालेले केस असेच तर्जनीला गुंडाळायची, त्याची अंगठी करायची आणि भिंतीच्या भेगेत खोचायची. हे आठवलं तेव्हा माझ्या बोटावर अंगठी तयार झाली होती.

मी विळ्यानं मूळ कापलं. अंगठी टाकून द्यावी की काय, याचा विचार केला. पण खालांनी मुळासकट सांगितलं होतं.

सात दिवसांनी तेल काळंभोर झालं. बहिणीच्या डोक्याला लावायच्या आधी दुसऱ्या कशावर लावून बघावं, हे शास्त्र. माझ्या ओठावर तेव्हा मिशी म्हणावी असं काही नव्हतं, अर्ज केल्यासारखी लव होती. तिला लावलं. चार दिवसांत मिशी आली. सरळ, दाट, आणि डाव्या टोकाला एक केस पांढरा.

तिथं मी थांबायला पाहिजे होतं. पण पार्वतम्माला यायला पाच आठवडे राहिले होते आणि नीला रोज माझ्या तोंडाकडं बघत होती.

तेल लावलं त्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर काळी साय धरल्यासारखं झालं. आठव्या दिवशी केस कानावर आले, बाराव्या दिवशी खांद्यावर. आमच्या शिवारात ज्वारी एवढी वाढत नाही. नीला आरशासमोर बसून हात लावून लावून बघायची. खालांनी आपल्या भाचीसाठी बाटलीभर मागितलं. मी नको म्हणालो, का ते सांगितलं नाही.

केस सरळ होते. नीला डाव्या बाजूनं भांग पाडायची. हे केस डावीकडं वळायचेच नाहीत. फणी सोडली की आपसूक मधोमध वाटणी व्हायची. आणि वास. तेलात माका आणि तीळ, एवढंच होतं. केसांना नागरमोथ्याचा आणि तुराट्यांच्या धुराचा वास यायचा. अव्वा गेल्यापासून आमच्याकडं नागरमोथा फक्त गिऱ्हाइकाला जात होता.

आमच्यात मेलेलं माणूस लिंगैक्य होतं, शिवात मिसळतं. भूत व्हायची सोयच ठेवलेली नाही. त्यामुळं घरात जे चाललं होतं त्याला काय म्हणतात ते स्वामींनाही सांगता आलं नसतं. म्हणून आम्ही विचारलं नाही.

अप्पांचं सांगायचं राहिलं. आमचे अप्पा, गुंडप्पा, अव्वा गेल्यापासून फक्त दुकानात बोलायचे. घरात आले की जीभ उंबऱ्यावर चपलांजवळ काढून ठेवायचे. अव्वा गेली त्या दिवशी ते बार्शीला माल आणायला गेले होते आणि मी शाळेत होतो. जवळ एकटी नीला, वय चौदा. काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि अप्पांनी चार वर्षांत विचारलं नाही.

ती भर दुपार होती. नीला न्हाऊन परसाच्या दारात आमच्याकडं पाठ करून केस वाळवत बसली होती. केस जमिनीवर पोचले होते. अप्पा दुकान लोटून जेवायला आले, माजघरात पाऊल टाकलं आणि तिथंच थांबले. मी ताटं घेत होतो.

"शरणम्मा," ते म्हणाले, "गूळ संपला काय?"

नीला वळली नाही. "परवाच संपला. सांगायचं राहून गेलं बघा."

आवाज नीलाचाच होता. पण नीला अप्पांशी असं कधी बोलत नव्हती, आणि गुळाचा डबा रिकामा आहे हे मला उघडून बघितल्यावर कळलं. अप्पा खाली बसले आणि दोन भाकरी जास्त जेवले.

तिथून रोज सुरू झालं. दुपारी जेवण झालं की अप्पा नीलाच्या पाठीमागं, चार हातांवर, भिंतीला टेकून बसायचे आणि सांगायचे. चार वर्षांचं साचलेलं. निजामाचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली तरी कुणाची जमीन अजून कुणाच्या नावावर आहे, विरू मॅट्रिकला कसा गेला, बार्शीचा कोणता अडत्या वारला. पाठीकडून उत्तरं यायची. थोडीच, पण बरोबर. माझ्या मॅट्रिकबद्दल जे उत्तर आलं ते मी इथं देत नाही. तेही बरोबर होतं.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला बरं वाटलं. अप्पा हसत होते. अव्वा गेल्यावर ज्या घरात फक्त वजनं-मापं ऐकू यायची तिथं दुपारी दोन माणसं गप्पा मारत होती. त्यातली एक समोरून माझी बहीण होती, एवढंच.

मग एकदा मी विहिरीवर निघालो असताना नीला मागं आली. उन्हात तिची सावली माझ्या पुढं पडली, आणि ती सावली लुगड्यातल्या जाड बाईची होती. नीला काडीसारखी. मी मागं बघितलं नाही.

तिनं सांगितलं की विंचरायला बसलं की पाठीला दोन्ही बाजूंनी गुडघे लागतात. अव्वा लहानपणी डोकं हलू नये म्हणून गुडघ्यांत धरायची, तसे. फणी हातात असते पण हात नुसता बरोबर जातो. अप्पा बोलायला लागले की मान जड होते, आणि उत्तर दिल्यावर तिला कळतं की उत्तर दिलं. परवा आरशात बघितलं तर भांग दिसला आणि त्याखाली कोण आहे ते आठवायला जरा वेळ लागला.

"अण्णा," ती म्हणाली, "सुरुवातीला मी घटकाभर नसायची. आता मी घटकाभर असते."

मी तेल बंद करायचं ठरवलं आणि बाटली ओढ्यात फोडली. सोमवारी अप्पा घागर घेऊन गेले आणि येताना धोतराच्या सोग्यात पुन्हा फुटलेला माका घेऊन आले. कढई कुठं ठेवली ते त्यांनी मला विचारलं नाही. नीलाच्या पाठीला विचारलं आणि पाठीनं सांगितलं.

त्याच आठवड्यात त्यांनी मला टपालात टाकायला एक कार्ड दिलं. पार्वतम्माच्या घरी होतं. मुलीची प्रकृती बरी नाही, वेणी घालायला येऊ नये, लग्नाचं पुढच्या साली बघू. मुलीचे केस तेव्हा तिच्या गुडघ्याला टेकत होते.

मी कार्ड नीलाला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. अप्पा वाईट माणूस न्हाईत, असं म्हणाली. मग म्हणाली की वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं की हे कार्ड गेलं तर पुढच्या साली लग्न करायला ती इथं नसेल. दुसरं कुणी असेल, आणि त्या बाईचं लग्न झालेलं आहे.

मी कार्ड चुलीत घातलं.

पार्वतम्मा ठरल्या दिवशी, सकाळच्या एस.टी.नं आली. पिशवीत चांदीची फणी, तेलाची वाटी, केळीच्या पानात गजरा. अप्पा दुकानातून बोलावल्यासारखे आत आले. त्यांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि माजघराच्या दारात उभे राहिले. त्यांनी या बसा म्हणायला पाहिजे होतं. ते मी म्हणालो.

तिनं नीलाला पुढ्यात बसवलं आणि वेणी सोडली. केस तिच्या मांडीवरून पाटावर आणि पाटावरून फरशीवर गेले. पार्वतम्मानं एक बट हातात घेतली, ताणली, बोटांत चोळली, नाकाजवळ नेली. मग डाव्या कानावरचे केस उचलले. पांढरी बट तिथंच होती. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललोय, पण त्या क्षणी मला एकही आठवेना.

"हे पोरीचे केस न्हाईत," ती शेवटी म्हणाली. "दोन लेकरं झालेल्या बाईचे हायेत. कुणाचे हायेत, गुंडप्पा?"

अप्पांचं लक्ष केसांवर होतं. मला वाटतं त्यांना कळलं होतं की आता अशा दुपारी फार येणार नाहीत. ते दोन पावलं पुढं आले आणि चार वर्षं जे दाबलं होतं ते पार्वतम्मासमोर, माझ्यासमोर, दारातून बघणाऱ्या खालांसमोर विचारलं.

"शरणम्मा, त्या दिवशी तू मला हाक मारलीस काय?"

नीलाची मान खाली गेली. केसांचं वजन मी त्या दिवशी पाहिलं. ते तिला पुढं ओढत होतं. मग तिनं दोन्ही हात जमिनीवर टेकले, ओझं घेऊन उठणारी बाई टेकते तसे, आणि मान वर केली.

"मारली," ती म्हणाली. "एकदाच. मग म्हणले, बाजाराचा दिवस हाय, येतील सावकाश. आणि झोपले. मला काय तरास झाला न्हाय, तुम्ही उगं जीवाला लावून घेऊ नका."

अप्पा खाली बसले. त्यांच्या तोंडातून आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. पोतं खांद्यावरून उतरवल्यावर हमाल करतात तो होता. थोडा वेळ बसून ते उठले, दुकानात गेले आणि सुतळी कापायची मोठी कातर घेऊन आले. पार्वतम्माच्या हातात दिली. पार्वतम्मानं नीलाला विचारलं नाही, अप्पांना विचारलं, कापू ना, आणि अप्पांनी मान हलवली.

कातर केसांतून जाईना. तीन वेळा अडली. चौथ्यांदा गेली, आणि केस पडले तेव्हा काही पडल्याचा आवाज झाला नाही, कुणीतरी उठल्याचा झाला.

त्या केसांखाली नीलाचं डोकं होतं. त्यावर चार बोटं केस, नवे, कुरळे.

पार्वतम्मानं ते बघितले, तेल घातलं, विंचरायला होतं तेवढं विंचरलं. वेणी घालायला आले ती घालूनच जाणार, म्हणाली. तीन बटा धरून तिनं बोटाएवढी वेणी घातली, ती शेळीच्या शेपटीसारखी उभी राहिली, आणि तिला गजरा दोऱ्यानं बांधला. मग म्हणाली की ईरण्णाच्या डोक्यावर तरी कुठं रान माजलंय, तो फेटा का सोडत न्हाय ते लग्नानंतर कळंल. खाला हसल्या. मग नीला हसली. अंड्यानंतर पहिल्यांदा.

केस अप्पांनी स्वतः गोळा केले. सोमवार नव्हता तरी ते गेले. बेलाखाली उकरून त्यांनी ते पुरले आणि घागर ओतली. मी बरोबर होतो. त्यांनी मला माका उपटायला लावला, सगळा, एकेक मूळ. या वेळी मुळं मुळांएवढीच होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी नीलाला विचारलं. अव्वानं त्या दिवशी अप्पांना हाक मारली हे मला ठाऊक नव्हतं, म्हणालो.

ती पाटावर तांदूळ निवडत होती. "कशी मारंल? तिच्या अंगावरून वारं गेलं होतं. जीभ उचलत नव्हती. दारातून ऊन आत येईस्तवर नुसती दाराकडं बघत होती."

"मग ते कोण बोललं?"

"मी," नीला म्हणाली. "महिन्याभरात पहिल्यांदा." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "ती खरंच सांगायला निघाली होती. म्हणून मला उठावं लागलं."

अप्पांना हे कळलं का, मला माहीत नाही. लग्नात ते चार माणसांशी बोलले आणि आता घरातही बोलतात. थोडंच, पण समोर बघून.

मिशी मात्र मी काढली नाही. वीरप्पा न्हाव्याकडं दोनदा गेलो, दोन्ही वेळा वस्तरा लावायच्या आधी उठलो. दुकानात गर्दी नसली की अप्पा कधीकधी माझ्या तोंडाकडं बघून थांबतात, डोळ्यांच्या जरा खाली. मग विचारतात, गूळ किती राहिला.

डबा उघडून बघायच्या आधीच मी सांगतो. अजून चुकलेलं नाही.